लिथियम घटांसाठी घरगुती चार्जर : वेळीच थांबण्याचे महत्त्व

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची गजबजलेली बाजारपेठ आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, दुरुस्ती करणारे कारागीर आणि हौशी नागरिक तेथून सुटे भाग नेतात. विजेरी, छोटा पंखा किंवा रेडिओ यांसाठी लिथियम-आयन घट वापरावयाचा आणि त्याचा चार्जर घरीच तयार करावयाचा, अशी इच्छा त्यांपैकी अनेकांना होते. हे काम अवघड नाही. तथापि, त्यामागील तत्त्व समजून न घेता ते केल्यास आगीचा धोका संभवतो.

घटाचे स्वरूप

लिथियम-आयन घट १९९१ साली जपानमध्ये प्रथम बाजारात आला. त्याच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. पुण्यातही पाषाण येथील ‘सी-मेट’ या केंद्र शासनाच्या संस्थेत या घटांना लागणाऱ्या पदार्थांवर संशोधन चालते.

प्रचलित घटांपैकी ‘१८६५०’ हा सर्वपरिचित होय. त्याचा व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर असते. त्याचा सर्वसाधारण विद्युतदाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असून, पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. चार्ज होताना लिथियमचे आयन धनाग्रातील धातूच्या ऑक्साइडमधून निघून ऋणाग्रातील ग्रॅफाइटमध्ये जातात. ही मर्यादा ओलांडली, तर ऑक्साइडची रचना ढासळू लागते आणि ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा थर साचतो. आतील द्रव ज्वलनशील असल्याने घट तापून पेट घेऊ शकतो. म्हणूनच वीज देण्याइतकेच योग्य वेळी थांबणे हे चार्जरचे काम आहे. निकेलच्या घटांचा जुना चार्जर किंवा नुसता रोधक जोडलेला अ‍ॅडॉप्टर येथे चालत नाही, तो याच कारणामुळे.

चार्जरची रचना

योग्य चार्जर दोन टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात तो ठरावीक प्रवाह देतो. दाब ४.२ व्होल्टला पोहोचताच तो दाब स्थिर ठेवतो व प्रवाह आपोआप घटत जातो. प्रवाह मूळच्या सुमारे एक-दशांशावर आला की पुरवठा बंद होतो. ‘टीपी ४०५६’ ही चिप हे सर्व काम करते. तिचे तयार छोटे मॉड्यूल अल्प किमतीत मिळते. घट अतिरिक्त रिकामा होण्यापासून वाचविणारे संरक्षक मंडल ज्यावर आहे, असेच मॉड्यूल निवडावे.

जोडणीसाठी मॉड्यूल, घट बसविण्याचा होल्डर, भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण असलेला ५ व्होल्टचा मोबाइल अ‍ॅडॉप्टर आणि मल्टिमीटर एवढे साहित्य पुरेसे आहे. होल्डरच्या तारा मॉड्यूलवरील ‘बी अधिक’ व ‘बी उणे’ या टोकांना जोडाव्यात. घट उलटा बसल्यास चिप निकामी होते. म्हणून घट बसविण्यापूर्वी टोके तपासावीत. घटाला थेट डाख देऊ नये.

मॉड्यूलवरील १.२ किलोओहमचा रोधक १ अँपियर प्रवाह ठरवितो. २,००० मिलिअँपियर-तास वा त्याहून अधिक क्षमतेच्या घटास तो साधारणतः योग्य ठरतो. लहान घटासाठी २ किलोओहमचा रोधक बसविल्यास प्रवाह ५८० मिलिअँपियरच्या आसपास येतो. चार्ज पूर्ण झाल्यावर मल्टिमीटरने दाब मोजावा. तो ४.२५ व्होल्टहून अधिक आढळल्यास ते मॉड्यूल वापरू नये.

घ्यावयाची दक्षता

फुगलेला, पोचे पडलेला, गळणारा किंवा २.५ व्होल्टपेक्षा खाली गेलेला घट चार्ज करू नये. एकापुढे एक जोडलेल्या घटांच्या माळेस हे मॉड्यूल लावू नये. ते एकाच घटाच्या दाबासाठी आहे. ३.२ व्होल्टच्या लिथियम लोह फॉस्फेट घटांनाही ते चालत नाही, कारण त्यांची मर्यादा ३.६५ व्होल्ट असते. यास्तव घटावरील लेबल वाचणे आवश्यक आहे.

चार्जिंग गादीवर वा कागदांच्या ढिगाजवळ न करता फरशीवर करावे. रात्री झोपताना ते चालू ठेवू नये. ४५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात बहुतेक घट चार्ज करू नयेत. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली हे तापमान सहज गाठले जाते. घट हाताला चटका देण्याइतका तापल्यास वीजपुरवठा तत्काळ तोडावा.

निकामी घटांचे काय?

निकामी घट घरच्या कचऱ्यात टाकल्यास कचऱ्याच्या गाडीत दबून पेटू शकतो आणि त्याची झळ सफाई कामगारांना पोहोचते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचरा वेगळा गोळा करते. घटाच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तो वेगळा सुपूर्द केल्यास कचरा हाताळणाऱ्यांचा धोका कमी होईल. स्वतः वस्तू घडविण्याच्या हौसेत ही जबाबदारीही अंतर्भूत आहे.