रोह्याचं वालाचं शेत आणि भोवतालचा इतिहास

भात कापून झालं की रोह्याच्या आसपासची शेतं रिकामी राहत नाहीत. जमिनीत उरलेल्या ओलीवर तिथं वाल पेरला जातो. थंडीत शेंगा भरल्या की बांधावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरून त्यावर शेंगा, ओवा आणि जाडं मीठ टाकतात, वरून पुन्हा पाला कोंबतात. मग मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही लागत नाही!

याच शिवारावर पहारा देत उभा आहे अवचितगड. मेढे किंवा पिंगळसईहून जंगलातून वर गेलं की तटबुरूज आणि पाण्याची टाकी दिसतात. खाली कुंडलिका पश्चिमेला वाहत जाते आणि कोर्लईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. खाडीतून चालणाऱ्या व्यापारावर नजर ठेवायला ही जागा मोक्याची होती.

रोह्याच्या दक्षिणेला, मांदाडजवळ कुडा लेणी आहेत. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत दानशूर व्यापाऱ्यांबरोबर एका माळ्याचीही नोंद आहे.

उत्तरेला पेणकडे शेतीचं रूप बदलतं. भरतीचं खारं पाणी अडवायला तिथं मातीचे बांध घालतात आणि आतल्या खारपट जमिनीत भात घेतात. भूदान चळवळीचे विनोबा भावे 11 सप्टेंबर 1895 रोजी पेण तालुक्यातल्याच गागोदे गावी जन्मले.

पोपटी आणि गड, दोन्ही साधायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.