घरच्या घरी संगणक जुळवताना : मध्यम खर्चात सुट्या भागांची निवड

कोणताही माल घेण्यापूर्वी तो पारखण्याची रीत व्यापारी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. धान्याची मूठ हाती घेऊन दाणा पाहिला जातो, कापडाचा पोत बोटांनी तपासला जातो, सोन्याचा कस लावला जातो. संगणक घेताना मात्र ही पारख बहुधा घरीच राहते. दुकानदार जे पुढे ठेवील ते, पुष्कळदा कॅबिनेटमधील रंगीत दिव्यांकडे पाहून, आपण घेऊन येतो. वास्तविक पेढीची रोजकीर्द आणि खतावणी, ग्राहकांची उधारी, जीएसटीची विवरणपत्रे आणि मुलामुलींचा अभ्यास आज ज्या एका यंत्रावर विसंबून आहे, त्याची निवड तितक्याच सावधपणे व्हावयास हवी.

हा विषय सध्या अनेक घरांत निघतो, त्यालाही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण सुरक्षा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत. त्यामुळे दुकानातील जुना, वरवर धडधाकट दिसणारा संगणक बदलण्याची वेळ पुष्कळांवर आली आहे. अशा वेळी सुटे भाग घेऊन संगणक जुळवणे, म्हणजेच बाजाराच्या भाषेत ‘असेंबल्ड’ यंत्र करणे, हा उत्तम मार्ग ठरू शकतो. मात्र कोणता पैसा कोठे घालायचा हे ठाऊक असले पाहिजे.

आधी काम, मग सामान

बाजारात जाण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखावेत. एकात आज होणारी कामे लिहावीत, दुसऱ्यात पुढील पाच वर्षांत येऊ शकणारी. टॅलीमधील हिशेब, विवरणपत्रे, पत्रव्यवहार, ऑनलाइन वर्ग, थोडे प्रोग्रामिंग, दुकानाच्या जाहिरातीची चित्रे. एवढ्यासाठी फार बलाढ्य यंत्र लागत नाही. चलचित्रांचे संपादन, त्रिमितीय आराखडे किंवा मोठे खेळ यांची गरज असेल तर हिशेब बदलतो.

उदाहरणादाखल मॉनिटर व यूपीएस धरून ६०,००० रुपयांचे अंदाजपत्रक घेऊ. वेगळे ग्राफिक्स कार्ड नको असलेल्या घराने त्याची वाटणी ढोबळमानाने अशी ठरवावी : प्रोसेसरला १२,०००, मदरबोर्डला ९,०००, रॅम आणि एसएसडी मिळून १५,०००, एसएमपीएस व कॅबिनेटला ८,०००, मॉनिटर, कीबोर्ड व माऊस यांना १०,००० आणि यूपीएसला ६,०००. हे बाजारभाव नव्हेत. आपण स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादा आहेत. एका भागाचा भाव चढला तर दुसऱ्या कोणत्या भागात तडजोड करता येईल, हे त्यातून चटकन कळते. विंडोजचा परवाना या रकमेत धरलेला नाही. तो अधिकृतच घ्यावा. चोरीची प्रत घालून देतो म्हणणारे भेटतात. पण जिच्यावर आपले बँक व्यवहार व्हायचे, ती प्रणाली कोणी, कशी फोडली आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड : कुलूप आणि किल्ली

या दोन भागांचा विचार कधीही वेगवेगळा करू नये. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. मध्यम खर्चात आज दोन वाटा दिसतात. इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा सहा कोअर व बारा थ्रेडचा प्रोसेसर एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० हादेखील सहा कोअर व बारा थ्रेडचाच, पण त्याचा सॉकेट एएम५. घर व दुकान यांच्या रोजच्या कामाला दोन्ही पुरून उरतात.

फरक आहे तो पुढच्या रस्त्यात. एलजीए १७०० ची वाट १२, १३ आणि १४ या पिढ्यांपर्यंत आली. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या पुढच्या मालिकेसाठी नवा सॉकेट लागतो. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि तो किमान २०२७ पर्यंत चालविण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे आजचा मदरबोर्ड ठेवून काही वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलण्याची शक्यता दुसऱ्या वाटेवर अधिक. उलट पहिल्या वाटेवर डीडीआर४ किंवा डीडीआर५ यांपैकी कोणत्याही रॅमचा मदरबोर्ड निवडता येतो, तर एएम५ ला डीडीआर५ च लागते. पाच-सात वर्षे यंत्राला हातच लावायचा नसेल तर ज्या जोडीचा एकूण भाव कमी, ती घ्यावी.

येथे एका अक्षराकडे लक्ष असू द्यावे. प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असेल, जसे १२४००एफ, तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त मिळतो. पण वेगळे कार्ड घातल्याशिवाय पडद्यावर काही उमटणार नाही. कार्ड घ्यायचे नसेल तर ही बचत महागात पडते. तसेच खोक्यातील सीलबंद प्रोसेसर घ्यावा. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणाऱ्या प्रोसेसरला तीच हमी असेलच असे नाही.

मदरबोर्ड निवडताना दिव्यांपेक्षा जागा मोजाव्यात : रॅमच्या खाचा दोन की चार, एम.२ एसएसडीसाठी जागा किती, मागे यूएसबी पोर्ट किती. दुकानात प्रिंटर, बारकोड स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन आणि पेन ड्राइव्ह एकाच वेळी लागतात. पोर्ट कमी पडले की रोजची कटकट सुरू होते.

रॅम आणि एसएसडी

रॅम १६ जीबी असावी. ८ जीबीत काम निभावते; पण टॅली, ब्राउझरची दहा पाने आणि मुलांचा ऑनलाइन वर्ग एकत्र आले की यंत्र रेंगाळू लागते. सर्वसाधारणपणे ८ जीबीच्या दोन पट्ट्या एका १६ जीबीच्या पट्टीपेक्षा बऱ्या, कारण दोन मार्गांनी एकदम माहितीची ने-आण होते आणि प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सला त्याचा विशेष लाभ मिळतो. मात्र मदरबोर्डला दोनच खाचा असतील आणि पुढे ३२ जीबी करण्याचे निश्चित असेल, तर आज १६ ची एक पट्टी घेऊन नंतर तशीच दुसरी जोडणे शहाणपणाचे. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या कोणत्या खाचांत बसवायच्या हे माहितीपुस्तिकेत पाहावे. बहुधा प्रोसेसरकडून मोजल्यास दुसरी आणि चौथी.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक केंद्रांची मागणी वाढल्याने उत्पादकांनी आपले लक्ष तिकडे वळविले. व्यापाऱ्याला हे निराळे सांगावयास नको, की तेजीत गरजेपुरताच माल घ्यावा. रॅम ही नंतर सहज वाढविता येणारी वस्तू आहे. आज १६ वर थांबावे.

साठवणीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरेशी होते. साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १५० ते २०० एमबी वाचते, साटा एसएसडी सुमारे ५५० एमबी, आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई सुमारे ३,५०० एमबी. चौथ्या पिढीच्या एसएसडी ७,००० पर्यंत जातात. परंतु हिशेबाच्या कामात तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक डोळ्यांना जाणवत नाही. त्यासाठी बराच अधिक भाव मोजू नये.

ग्राफिक्स कार्ड : घ्यावे की न घ्यावे

मध्यम अंदाजपत्रकाचा तोल सर्वाधिक ढळतो तो येथेच. कार्डासाठी पैसा काढताना बहुधा एसएमपीएस आणि यूपीएस यांच्या रकमेला कात्री लागते. घरातील कोणी अभियांत्रिकीचे आराखडे, चलचित्र संपादन किंवा यंत्रशिक्षणाचा अभ्यास करीत असेल तर ८ जीबी स्मृतीचे कार्ड उपयोगी पडते. अभ्यासक्रमातील सॉफ्टवेअरला एनव्हीडियाचेच कार्ड लागते काय, हे आधी विचारून घ्यावे. गरज नक्की नसेल तर कार्डाशिवाय यंत्र उभे करावे आणि खाच मोकळी ठेवावी. सहा महिन्यांनी गरज पटली तर कार्ड तेव्हाही घालता येते.

दिसत नाही ते आधी पाहावे

एसएमपीएस कॅबिनेटच्या पोटात दडलेला असतो, म्हणून त्यात काटकसर करण्याचा मोह होतो. परंतु संगणकाच्या प्रत्येक भागाला वीज तोच पुरवितो. तो बिघडताना एकटाच जाईल याची खात्री नसते, मदरबोर्ड आणि एसएसडीही सोबत नेऊ शकतो. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या बिननावाच्या एसएमपीएसवर पेढीचा हिशेब सोपवू नये. ‘८० प्लस ब्राँझ’ दर्जाचा एसएमपीएस निम्म्या भारावर सुमारे ८५ टक्के कार्यक्षम असतो. यंत्राला सरासरी ६० वॅट लागतात आणि ते वर्षाचे ३०० दिवस रोज दहा तास चालते असे धरले, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या पुरवठ्याच्या तुलनेत वर्षाला सुमारे ४५ युनिट वाचतात. ही बचत लहान आहे; खरा लाभ स्थिर विजेचा. कार्ड नसलेल्या यंत्राला ४५० वॅट पुरतात, मध्यम कार्ड असल्यास ५५० ते ६५० वॅट घ्यावेत.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होऊ देऊ नये. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. कार्ड नसलेल्या यंत्राला तेवढे चालते. त्याचा हेतू तासभर काम रेटण्याचा नसून, वीज गेल्यावर नोंद जतन करून यंत्र नीट बंद करण्याचा आहे.

कॅबिनेटमध्ये समोर जाळी आणि किमान दोन पंखे असावेत. समोर बंद काच असलेली कॅबिनेटे दिसतात देखणी, पण आत ऊब कोंडते. किराणा, मसाले किंवा कापड यांच्या दुकानात धूळ अधिक, म्हणून काढून धुता येणारी जाळी पाहावी. मॉनिटर २२ ते २४ इंचांचा, आयपीएस पडद्याचा आणि १९२० × १०८० रेझोल्यूशनचा असावा. खतावणीचे बारीक आकडे तासन्‌तास पाहणाऱ्या डोळ्यांना एवढे देणे लागते.

बिल, हमी आणि कर

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली किंवा आपल्या गावातील ओळखीचे दुकान, माल कोठूनही घ्या. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे आणि खोकी जपून ठेवावीत. असेंबल्ड यंत्राला एकच हमी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. बिघाड झाल्यास दोष कोणत्या भागात आहे हे शोधण्याचे काम आपल्यावर येते. ते करणारे घरात वा ओळखीत कोणी नसेल, तर थोडे अधिक पैसे देऊन घरपोच सेवेसह कंपनीचे तयार यंत्र घेणे अधिक बरे. त्यात कमीपणा काही नाही.

यंत्र व्यवसायासाठी असेल तर बिलावर पेढीचे नाव आणि जीएसटी क्रमांक असावा. व्यवसायातील वापराइतके इनपुट टॅक्स क्रेडिट मिळू शकते. मात्र कराची रक्कम यंत्राच्या किमतीत धरून तिच्यावर घसारा घेतल्यास ते मिळत नाही. आयकरात संगणकाला ४० टक्के घसारा आहे. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाल्यास त्या वर्षी त्याच्या निम्मा. घर आणि पेढी दोहोंचा वापर असल्यास वाटणी कशी दाखवावी हे आपल्या कर सल्लागाराशी बोलून ठरवावे.

हाती काम कोणाच्या द्यावे

ही निवड घरातील मुला-मुलींवर सोपवून पाहावी. दोन-तीन दुकानांतून लेखी भाव आणणे, तुलनेचा तक्ता करणे, प्रत्येक भाग का निवडला हे वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे, हे व्यवहाराचे शिक्षणच होय. प्रश्न मात्र वडिलांनी कसून विचारावेत. ‘हा भाग पाचशे रुपयांनी स्वस्त घेतला तर काय बिघडेल?’ याचे उत्तर जिला देता आले, तिला उद्या माल खरेदीलाही पाठवता येईल.

यंत्र जुळल्यावर पहिले आठ दिवस त्यावर भरपूर काम करून घ्यावे, म्हणजे दोष असल्यास तो बदलून घेण्याची मुदत असतानाच उघड होईल. तोवर जुना संगणक बंद करू नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, म्हणून नोंदींच्या तीन प्रती असाव्यात : एक यंत्रात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी पेढीच्या वास्तूबाहेर. केवळ प्रत काढून थांबू नये. ती नव्या यंत्रावर उघडून मागील वर्षाची शिल्लक जुळते का, हे ताडून पाहावे. ती जुळली की मगच जुन्या यंत्रातील नोंदी पुसाव्यात आणि ते भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावे. हे सारे मार्चअखेरच्या धावपळीत न करता एखाद्या निवांत महिन्यात उरकावे.