बेटांकडे जाणारी छोटी विमानं का पडतात?

परतूरहून समुद्र लांब. पण आपल्या जत्रेतला चक्रीपाळणा आठवा. डोळे मिटून गरगर फिरलो, की पाळणा थांबल्यावरही आपण उलटं फिरतोय असं वाटतं. आतल्या कानातला द्रव लगेच थांबत नाही ना! वैमानिकाचा कानही असाच फसतो. जमिनीवर गावाचे दिवे दिसतात, डोळे कानाची चूक सुधारतात. बेटांच्या मधे मात्र रात्री खाली काळं पाणी, वर काळं आभाळ. विमान कलतं, तरी सरळच वाटतं.

१६ जुलै १९९९ च्या धुरकट रात्री धाकटे जॉन केनेडी स्वतः विमान चालवत मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. पत्नी आणि मेहुणीसह समुद्रात कोसळले. चौकशीत कारण निघालं हाच दिशाभ्रम.

दुसरी अडचण म्हणजे जमिनीवर उतरायला एखादं शेत तरी सापडतं, समुद्रात नाही. २८ जून २०२२ ला मुंबई हायच्या तेलफलाटाकडे निघालेलं हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं. नऊपैकी चौघे दगावले.

म्हणून वैमानिकाला शिकवतात: अंग काय सांगतं ते सोड, समोरचं कृत्रिम क्षितिज काय दाखवतं ते बघ. आपल्याला साधं वाटतं. पण स्वतःच्या अंगावर अविश्वास दाखवायला सराव लागतो.