पाट्यावरचं मेक्सिको

गंगाखेड तालुक्यातलं राणीसावरगाव रेणुकादेवीच्या देवळामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. या गावाचं मेक्सिकोशी नातं आहे, आणि ते बघायला स्वयंपाकघरातला पाटा पुरेसा आहे. पाट्याचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरून थिजलेला लाव्हा. मेक्सिकोत ज्या तीन पायांच्या खलात ग्वाकामोले, म्हणजे अव्होकाडोची चटणी, कुटतात, तो मोल्काहेतेही बेसॉल्टचाच, तिथल्या ज्वालामुखींचा. त्याच्या दगडात बुडबुड्यांची छिद्रं असतात, म्हणून तो मुळातच खरखरीत. आपला दगड घट्ट, म्हणून त्याला टाकी लावून घ्यावी लागते. एकमेकांची गंधवार्ता नसताना दोन मुलखांनी वाटणासाठी एकच दगड निवडला!

आता वाटण पाहा. ठेच्यातली मिरची मूळची मेक्सिकोकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांनी मिरची भारतात आणली. त्याच शतकात स्पॅनिश जहाजांनी कांदा, कोथिंबीर आणि लिंबू मेक्सिकोत नेलं. म्हणजे त्याआधीच्या ग्वाकामोलेत लिंबू नव्हतं, कांदा-कोथिंबीर नव्हती. आणि आपल्या ज्वारीच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा नव्हता, तिखटासाठी मिरी, पिंपळी, आलं होतं. दोन्ही पदार्थांचं आजचं रूप एकाच देवाणघेवाणीतून आलं.

खुद्द अव्होकाडोही आपल्याला अगदी परका नाही. दालचिनी, तमालपत्र आणि कापूर ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. मेक्सिकोत त्याच्या काही जातींची सुवासिक पानं आपल्या तमालपत्रासारखी स्वयंपाकात वापरतात. हे फळ झाडावर पिकतच नाही. तोडल्यावरच मऊ पडतं, आणि आंब्यासारखीच अढी त्यालाही मानवते. सोबत केळं ठेवलं तर केळ्यातून निघणारा इथिलीन वायू ते आणखी लवकर पिकवतो.

कापलेला अव्होकाडो काळा का पडतो, हे वांगं चिरणाऱ्या प्रत्येकीला अनुभवानं माहीत आहे. सुरीनं पेशी फुटतात, हवेतला ऑक्सिजन आत शिरतो आणि एक विकर रंग काळवंडवतं. वांगं आपण पाण्यात टाकतो ते हवा अडवायला. अव्होकाडोवर लिंबू पिळतात, कारण आंबटपणात ते विकर मंदावतं. वाडग्यात कोय ठेवली की काळं पडत नाही असं सांगतात, पण कोय फक्त तिच्याखालचाच भाग झाकते.

पाट्यावर लसूण ठेचताना घडतं ते तर मला विलक्षण वाटतं. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्या पेशींत दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दगडाखाली कप्पे फुटले की ते भेटतात आणि त्याच क्षणी ॲलिसिन तयार होतं. लसणाचा तो झणका आधी कुठेच नव्हता, वरवंट्यानं तो घडवला. मिक्सरचं पातं पेशी कापतं, दगड त्या चिरडतो. चवीतला फरक तिथूनच सुरू होतो. मिरचीचा जाळ मुख्यतः बियांत नसून बिया धरणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो. जिभेवरचा जो ग्राहक चटका ओळखतो, तोच मिरचीनेही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली तो शोधला आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. हे तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून अव्होकाडोचा स्निग्ध गर मिरचीला सांभाळून घेतो, आणि आपल्याकडे तेच काम शेंगदाण्याचं कूट आणि वरून सोडलेलं करडईचं कच्चं तेल करतं.

एवढं समजलं की ग्वाकामोलेत मनसोक्त फेरबदल करता येतात. अव्होकाडो कूर्ग, निलगिरी, सिक्कीमच्या थंड डोंगरांतून येणार, महाग पडणार. म्हणून अर्धाच घ्या आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी भाजलेलं वांगं घाला. आचेनं त्यातलं विकर निकामी झालेलं असतं, त्यामुळे ते आणखी काळवंडत नाही, आणि धुराचा वास फुकट मिळतो. माझ्या मते सगळ्यांत सरस प्रकार हाच. आधी जाडं मीठ, मिरची, लसूण, कोथिंबीर पाट्यावर बारीक वाटा. मिठाचे खडे वाटायला मदत करतात. मग त्यात वांगं-अव्होकाडो नुसतं मोडा, लगदा करू नका. हरभऱ्याच्या दिवसांत टहाळाचे सोलाणे भरड वाटून घाला, त्यांचा कोवळा गोडवा छान उतरतो. उन्हाळ्यात लिंबाऐवजी कैरी किसा. डाळिंबाचे दाणे पेरले तरी कुणी नवल करू नये, मेक्सिकोतही ही पद्धत आहे. कच्च्या हिरव्या टोमॅटोचा ठेचा मिसळला, तर तो तिथल्या तोमातियो नावाच्या फळाच्या आंबट चटणीच्या फार जवळ जातो.

खायला मक्याचे कुरकुरीत तुकडे नकोत, ज्वारीची भाकरी घ्या, पण आदल्या दिवशीची. ताज्या भाकरीतला स्टार्च मऊ असतो, तुकडा वाकतो. गार होताना त्याच स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात. अशा शिळ्या भाकरीचे तुकडे मंद तव्यावर कडक केले की वांग्या-अव्होकाडोचं वजन ते न मोडता उचलतात.