लॉजमधला एकटा माणूस आणि आपले गैरसमज

बेळगाव-निपाणीकडे एखाद्या लॉजमधून आत्महत्येची वाईट बातमी आली की चौकात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘ठरवूनच आला होता, कोण काय करणार?’ दुसरं, ‘एकट्याला रूम द्यायलाच नको होती.’ दोन्ही वाक्यांनी अशा अवस्थेतल्या माणसाशी बोलायची वाट बंद होते, म्हणून दोन्ही नीट तपासायला हवीत.

घरापासून दूर खोली घेतली म्हणजे निर्णय पक्का झाला, हे खरं नाही. जिवाचं बरंवाईट करण्याच्या टोकाला आलेल्या बहुतेकांच्या मनात मरण्याची इच्छा आणि ‘कुणीतरी मला यातून सोडवा’ ही धडपड एकाच वेळी चालू असते. त्यातला सर्वांत तीव्र काळ बऱ्याचदा काही मिनिटांचा, फार तर काही तासांचा असतो. तो टळला की माणूस पुन्हा बोलण्याच्या, ऐकण्याच्या स्थितीत येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर वेळीच अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं, याचा मागोवा रिचर्ड सायडन या संशोधकाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. अनेक वर्षांनंतरही त्यातले ९० टक्क्यांहून अधिक लोक हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. ‘आज वाचवला तर उद्या करेलच’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एकांत शोधण्यामागे लाज असते, कर्ज असतं, दुखणं असतं, आणि ‘घरच्यांना आपला त्रास नको’ ही समजूतही असते. मात्र दूर गेल्याने घरच्यांचं दुःख कणभरही कमी होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये बेळगावच्या एका ठेकेदाराचा उडुपीच्या लॉजमध्ये मृत्यू झाला. कामाचं थकलेलं बिल, तत्कालीन मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांच्यावरचे आरोप, त्यांचा राजीनामा आणि नंतर त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा पोलिसांचा अहवाल, यावरच सगळी चर्चा खर्ची पडली. मृत्यूआधी त्या माणसाने लोकांना संदेश पाठवले होते, हे मात्र मागे पडलं. एकांतात गेलेला माणूसही बऱ्याचदा कुणाला तरी काही सांगत असतो. असा संदेश आला तर खरा-खोटा ठरवत बसू नये, लगेच फोन लावावा आणि ‘कुठे आहेस?’ एवढंच आधी विचारावं.

आता दुसरं वाक्य. एकट्याला खोली नाकारायची तर निपाणीला आलेला तंबाखूचा व्यापारी, बेळगावात परीक्षेसाठी किंवा मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी उतरलेला तरुण, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, सगळेच बाहेर राहतील. आणि ज्याला खरोखर आधाराची गरज आहे तो आणखी एका दारातून परत जाईल. सिएटल परिसरातल्या एका अभ्यासात परगावच्या पाहुण्यांपेक्षा त्याच भागात घर असूनही हॉटेलात उतरलेल्यांना धोका जास्त दिसला. त्यामुळे पत्ता गावातलाच आणि चेहरा उतरलेला असेल, तर काउंटरवरच्या माणसाने रूम नाकारण्यापेक्षा दोन शब्द बोलावेत. ‘दादा, जेवलात का? बरं नाही का वाटत?’ रूमबॉयने चहा घेऊन जावं आणि थोडा वेळ थांबावं. काळजी वाढली तर त्याला एकटं सोडू नये, मालकाला बोलवावं, ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावावा.

‘असं काही विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल’ ही भीती शिकलेल्यांतही आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ शाळकरी मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास किंवा तसे विचार वाढल्याचं त्यात आढळलं नाही. उलट आधीपासून खचलेल्या मुलांना थोडं हलकं वाटलं. म्हणून ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ हे सरळ विचारावं आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकावं.

पोलिसांची भीती तर जुनीच आहे. केस होईल म्हणून लॉजवाले गप्प बसतात, घरचे दवाखान्यात खोटं सांगतात. पण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं त्याचं कलम ११५ गृहीत धरतं, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवतं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ नाहीच. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

माणूस बेपत्ता झाल्यावर तक्रारीसाठी २४ तास थांबावं लागतं, असा नियम कुठेही नाही. अशा वेळी पहिला तासच मोलाचा असतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर कागल आणि निपाणी अगदी जवळ आहेत. ११२ चा फोन पलीकडच्या राज्यात लागू शकतो, म्हणून ठिकाण आधी सांगावं.

सुखरूप घरी आणला म्हणजे झालं, असंही नाही. चेन्नईसह पाच शहरांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या काहींना तासभर माहिती दिली आणि पुढे दीड वर्ष अधूनमधून फोनवर किंवा भेटून विचारपूस केली. त्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के. पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर महिन्याभराने केलेल्या फोनची किंमत यावरून कळावी.

इथे मराठीत बोलायला कोण मिळणार, हा प्रश्न खरा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही मानसिक आधाराची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत चालते आणि भाषा निवडता येते. मराठीही त्यात आहे. समोरासमोर उपचारांसाठी बेळगावचं बिम्स रुग्णालय आहे, धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे, निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळ आहे. हे वाचताना तुमच्याच मनात असे विचार असतील, तर खोलीचं दार उघडा, खाली काउंटरवर माणसांत येऊन बसा आणि तिथून १४४१६ किंवा जवळच्या माणसाला फोन लावा. कारण सांगता आलं नाही तरी चालेल. ‘मी इथे आहे, एकटं राहायची भीती वाटतेय’ एवढं सांगितलं तरी पुढचं बोलणं समोरचा माणूस सुरू करतो.