मालवाहू पिकअपच्या टायरमध्ये हवा किती भरावी?

टायरमध्ये हवा भरून घ्यायला गेलेल्या गाडीवाल्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : "किती पौंड?" प्रश्न दोनच शब्दांचा आहे. पण त्याचे बरोबर उत्तर द्यायचे तर पदार्थविज्ञानातील दाब, उष्णता आणि वायूंचे नियम हे तिन्ही धडे आठवावे लागतात. हे उत्तर चुकले तर काय होते, तेही आपण पाहू.

उदाहरणासाठी अमेरिकेतील जड कामाची पिकअप गाडी घेऊ. पुढे चालकाची खोली आणि मागे उघडा हौदा अशी तिची रचना असते. शेतकरी आणि बांधकाम करणारे लोक ती वापरतात. आज हौदा रिकामा असतो, तर उद्या त्यात टनभर माल असतो किंवा मागे ट्रेलर जोडलेला असतो. गाडी तीच, टायर तेच, पण ओझ्यात जमीन-अस्मानाचा फरक! मग दोन्ही वेळी हवा सारखीच असून चालेल का?

ओझे कोण पेलते?

गाडीचे ओझे टायरचे रबर पेलते असे आपल्याला सहज वाटते. पण हवा सोडून दिली की तोच टायर चपटा होतो. म्हणजे ओझ्याचा फार मोठा भाग हवेचा दाब पेलतो. टायर ही त्या हवेला कोंडून ठेवणारी एक मजबूत पिशवी आहे.

टायरचा थोडासाच भाग एका वेळी रस्त्याला टेकतो. त्याला आपण टायरचे पाऊल म्हणू. टायरच्या भिंतींचा ताठपणा क्षणभर बाजूला ठेवला, तर हिशोब सोपा आहे :

चाकावरील ओझे = हवेचा दाब × पावलाचे क्षेत्रफळ

टायरवाल्याचा 'पौंड' म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड दाब. १ पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.०७ किलोग्रॅम भार. तेव्हा ५० पौंड म्हणजे ३.५, आणि ८० पौंड म्हणजे ५.६ किलोग्रॅम भार दर चौ. सेंमी.ला.

आता समजा, एका मागच्या चाकावर १,३८० किलोग्रॅम ओझे आहे. ८० पौंड दाबाला पाऊल १,३८० ÷ ५.६ म्हणजे सुमारे २४६ चौ. सेंमी. होईल. हवा ५० पौंडच असेल, तर तेच पाऊल सुमारे ३९४ चौ. सेंमी. होईल. एवढे पाऊल टेकवण्यासाठी टायरला खूप दबावे लागेल आणि त्याच्या भिंती बाहेर फुगतील. उलट, हौदा रिकामा असून चाकावर ६०० किलोग्रॅमच ओझे असेल आणि हवा ८० पौंड असेल, तर पाऊल जेमतेम १०७ चौ. सेंमी. राहील.

टायरवरचे आकडे

अशा गाड्यांच्या एका प्रचलित टायरवर एलटी २४५/७५ आर १६ असे लिहिलेले असते. एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा टायर. त्याची रुंदी २४५ मिलिमीटर असते, भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के असते आणि आतल्या लोखंडी चाकाचा व्यास १६ इंच असतो. 'आर' हे अक्षर आतील धाग्यांची अरीय मांडणी दाखवते. त्याशिवाय भारश्रेणीचे एक अक्षर असते. 'ई' श्रेणीच्या या टायरसाठी दाब आणि पेलता येणारे ओझे यांचे कोष्टक साधारण असे आहे :

३५ पौंड – ७७० किलोग्रॅम
५० पौंड – १,००० किलोग्रॅम
६५ पौंड – १,१९० किलोग्रॅम
८० पौंड – १,३८० किलोग्रॅम

दाब ५० वरून ८० वर नेला, म्हणजे ६० टक्क्यांनी वाढवला, तरी ओझे ३८ टक्क्यांनीच वाढते, हे ध्यानात घ्या. म्हणून केवळ त्रैराशिक मांडून दाब काढता येत नाही. कोष्टकच पाहावे लागते.

टायरच्या भिंतीवर ८० पौंडांचा आकडा छापलेला असतो. पुष्कळ लोक तो वाचून तेवढीच हवा भरतात. पण तो आकडा सर्वांत जास्त ओझ्यासाठी लागणारा दाब दाखवतो. तो रोजचा दाब नव्हे.

हवा जास्त झाली तर?

रिकाम्या गाडीत फार हवा असली की टायर दगडासारखा ताठ होतो, खड्ड्यांवर उसळतो आणि मधल्या पट्ट्यात लवकर झिजतो. रस्त्यावरील पकडही कमी होते. येथे तुम्ही विचाराल, घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते असे आम्ही शिकलो, त्याचे काय? तो नियम कठीण पृष्ठभागांना बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मऊ असते आणि ते रस्त्याच्या बारीक खाचांत शिरून पकड घेते. त्यामुळे त्याला तो नियम तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय चाक उसळून हवेत असताना पकडीचा प्रश्नच उरत नाही.

आणि कमी झाली तर?

हा प्रकार अधिक धोक्याचा आहे. वर सांगितलेल्या टायरचा घेर सुमारे २.४ मीटर असतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला दहापेक्षा जास्त फेरे घेते. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला दहा वेळा दबतो आणि दहा वेळा पूर्ववत होतो. रबर वाकवण्यासाठी खर्च झालेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही ऊर्जेची उष्णता होते. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम लागते, तसेच हे आहे. हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. तापलेल्या रबराची आतील पोलादी पट्ट्यांवरची पकड सुटू लागते आणि भर वेगात वरचा थर उकलून निघतो.

ही भीती काल्पनिक नाही. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतील बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते. टायरचा थर सुटून गाड्या उलटल्या होत्या आणि अशा अपघातांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. फोर्डने या टायरसाठी २६ पौंड दाब सांगितला होता, तर फायरस्टोनच्या मते तो ३० पौंड हवा होता. टायर, गाडी आणि दाब यांपैकी कोणाचा दोष किती, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला. त्यानुसार पुढे गाड्यांत दाब कमी झाल्याची सूचना देणारा दिवा बसवणे सक्तीचे झाले. नेमून दिलेल्या दाबापेक्षा तो २५ टक्के कमी झाला की दिवा लागतो. मात्र मालासह कमाल वजन १०,००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ४,५०० किलोग्रॅमपेक्षा, जास्त असलेल्या गाड्यांना ही सक्ती नाही. जड कामाच्या कित्येक पिकअप याच गटात मोडतात. तेथे दाबमापकच खरा सोबती!

दाब थंड टायरचाच मोजावा

दाबमापक बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे एवढेच दाखवतो. वायूच्या नियमात मात्र एकूण दाब आणि केल्विनमधील तापमान घ्यावे लागते. समजा, सकाळी २० अंश सेल्सियसला मापक ५० पौंड दाखवतो. वातावरणाचे १४.७ पौंड मिळवले की एकूण दाब ६४.७ होतो. गाडी धावून आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली तर,

६४.७ × ३२३ ÷ २९३ = ७१.३

त्यातून १४.७ वजा केले की मापकावर ५६.६ पौंड दिसतील. "हवा जास्त झाली" असे म्हणून कोणी ती ५० पर्यंत सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे ४४ पौंडच उरतील! म्हणून गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावरच दाब मोजावा.

मग निवड कशी करावी?

गाडीच्या कंपनीने सांगितलेला दाब चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी तो वेगवेगळा असू शकतो. सुरुवात तेथूनच करावी. माल भरल्यावर गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या व मागच्या आसावरील वजन वेगवेगळे घ्यावे. दोन चाके असलेल्या आसाचे वजन निम्मे केले की एका टायरवरचे ओझे कळते. ते कोष्टकात पाहावे आणि निघालेला दाब चिठ्ठीवरील दाबाशी ताडून त्यांतील मोठा आकडा घ्यावा. रिकाम्या गाडीसाठी दाब उतरवायचा तो कंपनीच्या पुस्तिकेत तसे सांगितले असेल तरच. ओझे कोष्टकाच्या शेवटच्या आकड्यापुढे गेले, तर हवा वाढवणे हा त्यावर उपाय नाही. माल उतरवणे हाच उपाय आहे.

करून पाहा

सायकलच्या मागच्या टायरच्या खालच्या भागाला पाण्यात कालवलेला रंग लावा. चाक आलेख कागदावर टेकवा. दोघांनी सायकल सरळ धरावी आणि तिसऱ्याने तिच्यावर बसून उतरावे. उमटलेल्या ठशातील चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. नंतर थोडी हवा सोडून, त्याच मित्राला पुन्हा बसवून दुसरा ठसा घ्या. दोन्ही वेळचे दाब सायकलच्या दुकानातील मापकाने मोजा. दाब आणि क्षेत्रफळ यांचे दोन्ही गुणाकार जवळपास सारखे येतात का? जो थोडा फरक पडेल, तो कशामुळे पडला असेल, याचा विचार करा. आणि बाजारात मालाने भरलेली पिकअप दिसली, तर तिच्या मागच्या टायरचे पाऊल जरूर न्याहाळा.