गाडीने गाडीसाठी थांबावे काय?

एक गाडी फलाटाला लागत आहे आणि समोरच्या बाजूची दुसरी गाडी शिटी देऊन निघत आहे, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा प्रवासी विरळा. पहिल्या गाडीतून लोक ट्रंका सावरीत उतरतात, चार पावले धावतात, आणि गार्डाचा डबा नजरेआड होईपर्यंत पाहात उभे राहतात. ‘दोन मिनिटे थांबली असती तर काय बिघडले असते?’ हा प्रश्न त्या वेळी प्रत्येकाच्या तोंडी येतो. प्रश्न रागाच्या भरात विचारलेला असला, तरी तो विचारण्याजोगा आहे. आणि त्याचा विचार करावयास भुसावळइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

भुसावळ हे रेल्वेने घडविलेले गाव. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत धावलेली आगगाडी पुढील काही वर्षांत घाट चढून खानदेशात उतरली, आणि भुसावळास तिच्या मार्गाला दोन फाटे फुटले. एक फाटा १८६६ मध्ये खांडव्यास पोहोचला, दुसरा १८६७ मध्ये नागपुरास. खांडव्याकडचा मार्ग १८७० च्या मार्च महिन्यात जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेस मिळाला, आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे प्रथमच रुळांनी जोडली गेली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा गृहस्थ खानदेशातून जातो तो याच नव्या मार्गाच्या भरवशावर. पुढे ताप्तीच्या खोऱ्यातून सुरतेकडून आलेला मार्ग जळगावास मिळाला. त्या बाजूच्या काही संथ गाड्या आजही भुसावळहूनच सुटतात. अशा रीतीने मुंबई, नागपूर, इटारसी आणि सुरत या चारही दिशांची माणसे येथे एकमेकांना ओलांडून जातात.

यावर कोणी म्हणेल की, आता लांब पल्ल्याच्या गाड्या थेट जातात. भुसावळास गाडी बदलण्याची गरज कोणास उरली? मोठ्या शहराच्या रहिवाशाला ती फारशी उरलेली नाही, हे खरे. परंतु मेलगाड्या लहान स्थानकांवर थांबत नाहीत. अकोल्याहून धरणगावास निघालेले कुटुंब, इटारसीकडून येऊन शिंदखेड्यास जाणारा कामगार, मुंबईच्या इस्पितळातून परतणारा रावेरच्या बाजूचा रुग्ण, यांना संथ गाडीखेरीज गती नसते. आणि संथ गाड्या दिवसातून मोजक्याच असतात. एक गाडी चुकली की दुसरीसाठी पाच-सहा तास तिष्ठावे लागते. ती त्या दिशेची शेवटची असेल, तर रात्र फलाटावरच काढावी लागते.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, हिवाळ्याच्या दिवसांत उत्तरेकडील धुक्यामुळे इटारसीकडून येणारी मेल रखडली आहे, आणि भुसावळहून सुरतेकडे निघणारी गाडी तिच्यासाठी वीस मिनिटे रोखावी काय असा प्रश्न पडला आहे. मेलमधून सुरतेच्या गाडीत बसणारे उतारू चाळीस आहेत व पुढची गाडी सहा तासांनी आहे. गाडी न थांबल्यास या चाळीस जणांचे प्रत्येकी ३६० मिनिटे, म्हणजे एकूण १४,४०० मिनिटे वाया जातील. उलट, गाडीत आधीच बसलेले ६०० लोक वीस मिनिटे खोळंबले, तर त्यांची १२,००० मिनिटे खर्ची पडतील. येथवर पारडे थांबण्याच्या बाजूस झुकते. परंतु हिशेब येथे संपत नाही. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचे, नंदुरबार अशा स्थानकांवर त्याच गाडीची वाट पाहणारे आणखी ३०० लोक आहेत असे धरले, तर त्यांची ६,००० मिनिटे त्यात मिळवावी लागतात. एकूण १८,००० होताच पारडे फिरते.

या वादाची खरी ग्यानबाची मेख ती हीच. ज्याची गाडी चुकते तो मनुष्य भुसावळच्या फलाटावर सर्वांच्या डोळ्यांदेखत उभा असतो. त्याची दया येते आणि आलीच पाहिजे. नंदुरबारच्या बाकावर घड्याळाकडे पाहात बसलेला मनुष्य मात्र भुसावळास कोणालाच दिसत नाही. त्यालाही सुरतेस पुढची गाडी गाठावयाची असेल, कचेरीत किंवा परीक्षेस हजर व्हावयाचे असेल. एकाचे कनेक्शन राखण्यासाठी दुसऱ्याचे तोडले जाते. तोडणाऱ्या हाताला त्याची वार्ताही नसते.

ताप्तीच्या मार्गावर हे दुखणे एके काळी अधिकच तीव्र होते. उधना ते जळगाव हा सुमारे ३०७ किलोमीटरांचा मार्ग दीर्घकाळ बहुतांशी एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या ठराविक स्थानकांवरच एकमेकींना ओलांडू शकतात. त्यामुळे भुसावळास वीस मिनिटे रोखलेली गाडी समोरून येणाऱ्या गाडीलाही कोठेतरी रोखून धरी, आणि ती आपल्या मागच्या गाडीला. २०१८ मध्ये या मार्गाचे दुहेरीकरण पूर्ण झाले आणि ही साखळी पुष्कळ सैल झाली. तथापि दुहेरी मार्गावरही गाडीची वेळ म्हणजे गर्दीतून राखून ठेवलेली एक वाट असते. ती वाट एकदा हुकली की मागून येणाऱ्या जलद गाडीला पुढे जाऊ देण्यासाठी संथ गाडीला आडबाजूस उभे राहावे लागते, आणि वीस मिनिटांचा उशीर पाऊण तासावर जातो. म्हणूनच गाडी रोखावयाची की सोडावयाची हा निर्णय फलाटावरील स्टेशनमास्तराच्या मर्जीवर सोडलेला नसतो. तो विभागाच्या नियंत्रण कक्षातून होतो. भुसावळ विभागाचे ते कार्यालय भुसावळातच आहे.

हाच प्रश्न भुयारी रेल्वेच्या संबंधात विचारला, तर उत्तर निराळे येते. लंडनची पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली, म्हणजे वयाने ती भुसावळच्या रुळांचीच समकालीन. तेथे १९६८ नंतर उघडलेल्या व्हिक्टोरिया मार्गावर ऑक्सफर्ड सर्कससारख्या स्थानकांची रचना अशी केली आहे की, एका गाडीतून उतरावे आणि त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूस उभ्या असलेल्या गाडीत शिरावे. जिना नको, पूल नको. इतकी जवळीक असताना एका गाडीने दुसरीसाठी अर्धे मिनिट का थांबू नये, असे कोणासही वाटेल. परंतु तेथे पुढची गाडी दोन-तीन मिनिटांतच येणार असते. दहा उतारूंची तीन-तीन मिनिटे वाचविण्यासाठी आठशे लोकांना एक मिनिट खोळंबविणे हा तीस मिनिटांसाठी आठशे मिनिटांचा व्यवहार होय. शिवाय पाठोपाठ धावणाऱ्या गाड्यांत एकीने पाऊल अडखळविले की सारी रांग अडखळते. मुंबईच्या लोकलसाठीही हाच न्याय.

तेव्हा गाडीने थांबावे की नाही हे मुख्यत्वे एका गोष्टीवर अवलंबून असते: पुढची गाडी किती वेळाने आहे? गाड्या जितक्या विरळ, तितका थांबण्याचा पक्ष बळकट. १९१२ साली सुरू झालेली ‘पंजाब लिमिटेड’ ही याच भुसावळवरून पेशावरकडे जाई. ती ठराविक टपालवारी, मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून विलायतेच्या टपालाची आगबोट गाठून सुटे. दर मिनिटाला आगबोट येत नसल्यामुळे तेथे बोटीशी बांधून घेणे हेच शहाणपण होते. स्वित्झर्लंडने तर १९८२ पासून साऱ्या देशाचे वेळापत्रकच गाठीभेटींच्या पायावर उभारले आहे. मोठ्या जंक्शनांत सर्व दिशांच्या गाड्या एकाच सुमारास येतात व उतारूंची अदलाबदल होऊन एकाच सुमारास निघतात. तेथे गाडी अधिक वेगाने पळविण्याची हौस नाही. पुढच्या जंक्शनात वेळेवर पोहोचण्यापुरता वेग पुरे, असा त्यांचा हिशेब आहे. अर्थात, छोट्या देशात आणि वक्तशीर गाड्यांच्या बळावर जे साधते ते धुक्यात सात-आठ तास रखडणाऱ्या गाड्यांना जसेच्या तसे लागू करता येणार नाही.

आपल्याकडे भरपाईचा एक मार्ग निघाला आहे. १ एप्रिल २०१९ पासून दोन आरक्षित तिकिटे परस्परांशी जोडता येतात; पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे कपात न होता परत मिळतात. सोय चांगली आहे. परंतु संथ गाडीच्या अनारक्षित डब्यातून जाणाऱ्याजवळ जोडण्यासारखा क्रमांकच नसतो, आणि खरी अडचण त्याचीच असते. त्याला पैसे परत नको असतात. त्याला रात्रीपूर्वी घरी पोहोचावयाचे असते. म्हणून दिवसाच्या शेवटच्या गाडीपुरता वरील मिनिटांचा हिशेब बाजूस ठेवून अधिक थांबण्याची मुभा असणे न्याय्य ठरेल. लहान मूल घेऊन थंडीत फलाटावर काढलेली रात्र आणि गाडीत बसून काढलेली वीस मिनिटे यांना एकाच मापाने मोजता येत नाही. मात्र ही मर्यादा आधी ठरलेली आणि सर्वांना ठाऊक असलेली असावी. आज थांबली, उद्या निघून गेली, अशा गाडीच्या भरवशावर कोणीच बेत आखू शकत नाही.

भुसावळच्या बाबतीत तर याहून सोपी एक वाट भूगोलानेच ठेवली आहे. सुरतेकडची गाडी भुसावळहून निघाली, तरी ती मुख्य मार्ग सोडते २४ किलोमीटर पुढे, जळगावास. मुंबईकडे जाणारी मेलही तेथपर्यंत त्याच दिशेने जाते. संथ गाडी वाटेत भादलीस थांबते. मेल थांबत नाही. त्यामुळे थोडक्यात चुकलेली गाडी, मार्ग मोकळा मिळाल्यास आणि मेल जळगावास थांबणारी असल्यास, तेथे गाठणे शक्य असते. पण हे उतारूस कळणार कसे? तो भुसावळास उतरून, रिकाम्या फलाटाकडे पाहात उभा राहिलेला असतो आणि त्याची मेल त्याच्या मागून जळगावास निघून जाते. मेल स्थानकात शिरत असतानाच, ‘सुरतेच्या गाडीच्या उतारूंनी येथे उतरू नये, जळगावास उतरावे,’ एवढे एक वाक्य ध्वनिक्षेपकावरून स्वच्छ मराठीत व हिंदीत सांगण्यास गाडी एक मिनिटही रोखावी लागत नाही.